‘माणसापलीकडचं कुणीतरी माझ्याशी बोलतं’ म्हणणाऱ्यांवर संशोधन करताना काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न असा : सोलापुरात एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी परग्रहवासी, प्रकाश किंवा एखादी शक्ती आपल्याशी बोलते असं सांगणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्यात. त्यांचं खरं मानायचं की आजार धरायचा?

दोन्ही नको. मी इथल्या एका एथिक्स कमिटीवर (संशोधनात माणसांना इजा होऊ नये हे बघणारी समिती) सामान्य सदस्य आहे (आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या नियमांनुसार डॉक्टर-वकिलांबरोबर एक बिगरतज्ज्ञही लागतो, मी निवृत्त शिक्षक). तुमचा प्रस्ताव आमच्याकडे आला तर ‘ते खरंच घडलं का’ यावर मी एक मिनिटही घालवणार नाही. मी बघेन की तुमच्या वागण्यानं समोरच्याच्या अनुभवात काय भर पडतेय.

1954 साली अमेरिकेत एका गृहिणीला परग्रहावरून संदेश येत होते : 21 डिसेंबरला महापूर येणार. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी आपली माणसं भक्त म्हणून त्या गटात घुसवली. आत शिरायला त्यातल्या काहींनी स्वप्नं, चमत्कार रचून सांगितले आणि गटानं तेच नवे पुरावे म्हणून डोक्यावर घेतले. पूर आला नाही. संशोधन मात्र गाजलं, आजही शिकवतात. आज असा प्रस्ताव आमच्यापुढे आला तर मी तरी सही करणार नाही.

संमोहनाचं नावही काढू नका. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन मॅक यांनी ‘परग्रहवासीयांनी मला उचलून नेलं’ म्हणणाऱ्यांना वेड्यात काढलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. पण बरीच कथनं संमोहनातून आलेली, आणि टीकाकारांनी नेमकं तिथंच धरलं. संमोहनानं माणसाची खात्री वाढते, आठवण बरोबर असेलच असं नाही. ‘काय झालं ते तुमच्या परीनं सांगा’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. ‘त्याचे डोळे मोठे होते का?’ असं विचारलंत की डोळे मोठे होतातच.

दुसरं, हे बोलणं त्रासाचं असू शकतं. हार्वर्डच्याच रिचर्ड मॅकनॅली यांनी 2004 मध्ये दाखवलं की ‘मला उचलून नेलं’ म्हणणाऱ्यांना त्यांचीच हकीकत ऐकवली की हृदयाचे ठोके आणि हाताचा घाम आघात सोसलेल्या रुग्णांइतकाच वाढतो. घटना घडली असो-नसो, शरीराला ती घडलेलीच. म्हणून मुलाखत मध्येच थांबवायची मुभा आधी सांगा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर कागदावर लिहून द्या.

आता आपल्या गावाचं. रूपाभवानीच्या देवळात बाईच्या अंगात आलं तर लोक पाया पडतात; इंजिनिअरिंगचा पोरगा ‘प्रकाश माझ्याशी बोलला’ म्हणाला तर त्याचं लग्न अडतं. दोघांचा धोका वेगळा आहे, दोघांना संमतीचा एकच फॉर्म चालणार नाही. अंगात येणं हा गुन्हा नाही, पण त्याच्या नावानं दुसऱ्याला घाबरवणं-धमकावणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. तेव्हा काय गुप्त ठेवाल आणि काय ठेवता येणार नाही (भूत उतरवायला लेकराला चटके देतात असं कळलं तर तुम्ही गप्प बसू शकत नाही), हे रेकॉर्डर चालू करण्याआधी सांगा.

नाव बदललं म्हणजे झालं, असं समजू नका. ‘विडी घरकुल वसाहत, वय 43, दोन मुली, नवरा यंत्रमागावर कामाला होता, मंगळवारी अंगात येतं’ एवढं छापलंत तर रिक्षावाला पत्ता न विचारता दारात सोडेल. वय, वार, वस्ती, सगळंच धूसर करा.

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायकांकडे, जाणार असाल तर संमतीपत्र तेलुगूतही हवं, आणि ते वाचून दाखवायला तेलुगू बोलणारं माणूस. अंगठा घेतलात तर साक्षीदार त्रयस्थ लागतो. त्या बाईची सासू किंवा जिथं ती वळलेल्या विड्या देते तिथला माणूस नको. तिला मजुरी हजार विड्यांमागे मिळते, म्हणजे तुमच्यासमोर बसलेले दोन तास तिचे बुडतात. तेवढी भरपाई देता येते, प्रस्तावात तसं लिहा. मात्र रक्कम एवढीही नको की त्यासाठी कुणी हकीकत रचेल. आणि ती अर्ध्यात उठून गेली तरी पैसे पूर्ण द्यायचे.