विषमता घटल्याची आणि वाढल्याची, अशा दोन बातम्यांपैकी खरी कोणती?

आपण विचारले आहे की, एका बातमीनुसार भारत सर्वांत कमी विषमतेच्या देशांत मोडतो, तर दुसरीनुसार वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा शंभर वर्षांत कधी नव्हता इतका वाढला आहे. मग विश्वास कशावर ठेवावा? मी ठाण्यात प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचा व्यवसाय करतो. माझ्या मते आकडे दोन्हीकडचे खरे आहेत, पहिल्या बातमीने काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिली बातमी २५.५ या गिनी निर्देशांकावर बेतलेली आहे. हे विषमतेचे माप आहे: आकडा जितका लहान, तितकी विषमता कमी. जागतिक बँकेने तो २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरून काढला, म्हणजे त्यात माणसाची कमाई नव्हे तर खर्च मोजलेला आहे, आणि तुलनेतल्या अनेक देशांचे आकडे मात्र उत्पन्नाचे आहेत. महिना वीस हजारांत भागवणाऱ्या घरात शिल्लक फारशी उरत नाही. महिना वीस लाख मिळवणाऱ्याचा बराचसा पैसा शेअर, जमीन आणि दुसऱ्या-तिसऱ्या फ्लॅटमध्ये जातो, जो खर्चाच्या पाहणीत दिसतच नाही. शिवाय पाहणीला आलेला कर्मचारी लोकमान्य नगरच्या चाळीत थेट दारापर्यंत पोहोचतो. घोडबंदर रोडवरच्या संकुलात त्याला इंटरकॉमवरून नकार मिळून फाटकावरूनच परतावे लागण्याची शक्यता अधिक.

दुसरी बातमी भारती, शांसेल, पिकेटी आणि सोमंची या अर्थशास्त्रज्ञांच्या मार्च २०२४ च्या अभ्यासाची आहे. १९८२ च्या सुमारास वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा जेमतेम सहा टक्के वाटा होता, तो २०२२-२३ मध्ये २२.६ टक्के झाला. खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे मिळून १५ टक्के उरतात. आपल्याकडे विवरणपत्र भरणारेच थोडे आणि मधल्या काही वर्षांचे प्राप्तिकराचे तक्ते प्रसिद्धच झाले नाहीत, त्यामुळे या अभ्यासात अंदाजाला बराच वाव आहे. दशांश चिन्हापुढच्या आकड्यासाठी मी हमी देणार नाही, पण दिशेबद्दल मला शंका नाही.

याच अभ्यासानुसार वर्षाला सुमारे २.९ लाख मिळवणारा प्रौढ वरच्या दहा टक्क्यांत येतो आणि सुमारे २०.७ लाख मिळवणारा वरच्या एक टक्क्यात. स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवणाऱ्या माझ्या काही अशिलांना हे पटत नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्यही आहे, कारण सर्वांत वरच्या सुमारे दहा हजार लोकांचे सरासरी वार्षिक उत्पन्न ४८ कोटींच्या घरात जाते आणि त्या तुलनेत हे अशील सामान्यच ठरतात.

हे अंतर का वाढले? विवरणपत्रात पगाराच्या रकान्यापेक्षा भांडवली नफ्याचे, म्हणजे शेअर, जमीन वगैरे विकून झालेल्या नफ्याचे, परिशिष्ट अधिक बोलके असते. २००४ ते २०१८ या काळात शेअर बाजारात विकलेल्या समभागांच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नव्हता. आजही वर्षाला सव्वा लाखापुढच्या अशा नफ्यावर तो साडेबारा टक्के आहे, तर मोठ्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर तीस. साहजिकच ज्याच्याकडे आधीपासून भांडवल आहे, त्याचा पैसा अधिक वेगाने वाढतो. संपत्ती कर तर २०१५ च्या अर्थसंकल्पातच रद्द झाला.

दुसरे कारण खालच्या बाजूला आहे. ठाण्यातली वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथल्या मोठ्या कारखान्यांत युनियन वेतनकरार करत असे आणि नफा वाढला की त्यातले काही कामगाराच्या पदरात पडे. आता त्या परिसरात आयटी पार्क आहेत आणि साफसफाई, पहारा ही कामे कंत्राटावर आहेत. आमच्या सोसायटीचा खजिनदार या नात्याने कंत्राटदाराचे बिल दरमहा माझ्यासमोर येते: किमान वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी, कंत्राटदाराचा मोबदला आणि एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी. यातला विशेष भत्ता सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकानुसार बदलतो. म्हणजे या माणसाचे वेतन फार तर महागाईशी बरोबरी करते, वाढत्या समृद्धीत त्याला वाटा मिळण्याची सोयच त्या बिलात नाही. आणि वार्षिक सभेत सर्वाधिक घासाघीस होते ती याच बिलावर!

आपल्याला स्वतः पडताळायचे असल्यास प्राप्तिकर विभागाने प्रसिद्ध केलेले उत्पन्नगटांनुसारचे तक्ते पाहावेत. मात्र त्यांतही वरचे टोक पूर्ण दिसत नाही, कारण कंपनीच्या प्रवर्तकाच्या, म्हणजे ती उभी करणाऱ्या मालकाच्या, समभागांची किंमत दुप्पट झाली, तरी ते विकले जाईपर्यंत ती वाढ त्याच्या उत्पन्नात धरली जात नाही.