मणिभवन नेमकं कोणाचं?

प्रश्न : सुट्टीत नातवाला मणिभवन दाखवायचं ठरवलंय. तो म्हणतो, गांधीजी तर साबरमतीला राहायचे, मग मुंबईत त्यांचं घर कुठून आलं? मला काही उत्तर देता आलं नाही. आणि नऊ वर्षांच्या पोरानं बघावं असं तिथं काय आहे?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, नातवाची शंका बरोबर आहे. ते घर गांधीजींचं नव्हतंच. घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. धंदा जवाहिऱ्याचा. गांधीजींचे लंडनपासूनचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता, त्यांचे हे थोरले भाऊ. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुतेक वेळा मुक्काम इथंच. सतरा वर्षांचा पाहुणा, आणि पाहुणाही असा की त्याच्यामागून सगळं गाव जिना चढून वर येणार! चहाचं म्हणत नाही मी, पण त्या घरातल्या बायकांनी पाण्याचे तांबे तरी किती भरले असतील. त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून नातवाचा प्रश्न मला आवडला.

शाळेत होते तेव्हा दरवर्षी एक वर्ग घेऊन जायचे. पोरं तळमजल्यावरच्या ग्रंथालयातून सुळकन पुढं जातात आणि रमतात ती काचेच्या पेट्यांतल्या बाहुल्यांपाशी. गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग तिथं छोट्या छोट्या बाहुल्यांतून उभे केलेत. त्याला हवा तेवढा वेळ बघू द्या. घाई करायची ती परतीच्या लोकलसाठी.

मग दुसऱ्या मजल्यावरची खोली. काचेपलीकडे जमिनीवर गादी आणि चरखे, बाकी जवळजवळ काही नाही. पोरं विचारतात, ‘बाई, पलंग कुठाय?’ तिथं मी चरख्याची गोष्ट काढायचे. गांधीजी मोठ्या दुखण्यातून उठत होते तेव्हा याच घरात त्यांच्या खोलीत चरखा सुरू झाला, आणि त्याच्या गुणगुणीनं तब्येत सुधारायला हातभार लागला, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. तेव्हा कातलेलं सूत त्यांनी वैष्णव मित्रांना पवित्रा एकादशीच्या माळांसाठी देऊन टाकलं. सूत कातायला शिकणाऱ्यांत आपल्या अवंतिकाबाई गोखलेही होत्या. गांधीजींचं मराठीतलं चरित्र त्यांनी 1918 सालीच लिहिलं, प्रस्तावना लोकमान्यांची. गिरगावात उभा जन्म काढून मला हे पन्नाशीत कळलं, काय सांगू!

गच्चीवर जाता येतं का ते तिथं विचारा. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे गांधीजी गच्चीवरच्या तंबूत झोपले होते आणि पोलीस आले. सोमवार, म्हणजे मौनाचा दिवस. त्यामुळे पोलिसांशी जे काही बोलायचं ते कागदावर लिहून. तिथून थेट येरवडा. ही गोष्ट मुलांना हमखास आवडते. न बोलता अटक कशी होते, हे एकदोघं लगेच करून दाखवतात.

1955 मध्ये ही वास्तू गांधी स्मारक निधीकडे आली. 1959 साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा तेही याच घरात राहिले. पाहुण्यांची सवय घराला होतीच.

ग्रँट रोडला पश्चिमेला उतरा आणि चालत जा. पत्ता लॅबर्नम रोड, गावदेवी. लॅबर्नम म्हणजे आपल्या बहाव्याचा विलायती भाऊबंद, नातवाला तेवढंच एक झाड कळेल.

परतताना जवळच्या ऑगस्ट क्रांती मैदानात टेकायला हरकत नाही. ‘चले जाव’ची गोष्ट मात्र तिथं बसून सांगा, मणिभवनात नको. पुष्कळजण, आमच्या शाळेतले दोन मास्तरसुद्धा, 1942 ची अटक मणिभवनातच झाली असं ठोकून देतात. त्या वेळी गांधीजी बिर्लांच्या घरी उतरले होते.