माझ्याकडे एकच क्रेफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा प्राणी) आहे, नर नाहीच, तरी तिच्या पोटाखाली अंडी दिसतायत. हे कसं काय आणि आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टँक आहे, आठ महिन्यांपासून ती एकटीच आहे, अंगावर तपकिरी संगमरवरासारखी नक्षी आहे आणि दुकानदाराने "मिनी लॉबस्टर" म्हणून दिली होती. यावरून मला तरी ही मार्बल्ड क्रेफिशच वाटतेय. माझ्याकडे पण अशीच आली होती, याच नावाने, आणि मी पण असाच गोंधळलो होतो.

या जातीत नर नसतोच. सगळ्या माद्या, अंडी फळण्यासाठी नर लागतच नाही, प्रत्येक पिल्लू म्हणजे आईचा क्लोन. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टँकमध्ये ही पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आली, २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी नराशिवाय पिल्लं होतात हे दाखवून दिलं आणि २०१७ मध्ये तिला वेगळी जात म्हणून नाव मिळालं. तुमची निळी किंवा लाल असती तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण त्या जातींची मादी दुकानातच नराबरोबर राहिलेली असेल तर त्याचं बीज बरेच दिवस साठवून ठेवू शकते, आणि तसं काही झालं नसेल तर अंडी फळत नाहीत, थोड्या दिवसांत खराब होऊन गळून पडतात.

आता काय करायचं तर सगळ्यात आधी तिला हलवू नका. मी घाईघाईने तिला दुसऱ्या टबमध्ये टाकलं, पाणी नळाचं ताजं, क्लोरीन पण नीट काढलेलं नव्हतं, आणि दोन दिवसांत निम्मी अंडी तळाला पडलेली. मला फार वाईट वाटलं तेव्हा. टँकमध्ये मासे असतील तर मासेच बाहेर काढा, ती आहे तिथेच राहू दे. दिवसभर शेपटी हलवून पोटाखालच्या छोट्या पायांनी ती अंड्यांना वारा घालत राहते, बघत बसावंसं वाटतं, पण सारखं टॉर्च मारून बघू नका. तीन-चार आठवड्यांत अंडी फुटतात, त्यानंतर पण पिल्लं आईलाच चिकटून असतात, दोनदा कात टाकेपर्यंत, आणि तोपर्यंत ती काही खात नाहीत, अंड्यातल्या बलकावरच जगतात. मग एकेक करून सुटायला लागतात.

फिल्टर स्पंजचा ठेवा, मोटरवाल्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. कॉपर असलेलं कुठलंच औषध नको, गोगलगायी मारायच्या औषधांत ते बऱ्याचदा असतं आणि क्रेफिशला ते विष आहे. कॅल्शियमसाठी मी समुद्रफेस टाकतो, पक्ष्यांच्या दुकानात लव्हबर्ड्ससाठी मिळतो तोच. खायला देशी बदामाची वाळलेली पानं (रस्त्यावर पडलेली नको, औषध न फवारलेल्या झाडाची), उकडलेला मटार, गाजर, अधूनमधून कोळंबीचा तुकडा. पिल्लं एकमेकांना खातात, विशेषतः कात टाकल्यावर अंग मऊ असतं तेव्हा, त्यामुळे अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, कौलांचे तुकडे, जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झाड) असं लपायला भरपूर द्या. कात पडलेली दिसली तर मेली समजून उचलून टाकू नका, ती स्वतःच खाते, कॅल्शियम परत मिळवायला. उन्हाळ्यात पाणी ३० च्या वर जाऊ देऊ नका, मी पाण्यावर छोटा पंखा लावतो. लाइट गेले आणि ती पाण्याच्या वर चढून बसायला लागली की ऑक्सिजन कमी पडतोय समजा.

आता जे सांगतोय ते प्लीज मनावर घ्या. एका वेळेला शंभर-दोनशे पिल्लं सहज होतात, ती चार-पाच महिन्यांत स्वतः अंडी द्यायला लागतात, म्हणजे वर्षभरात तुमच्या हाताबाहेर. तेव्हा कोणीतरी म्हणेल गावाकडच्या विहिरीत सोड, तळ्यात सोड, आपल्याकडे मासे तसे सोडतातच ना. ही सोडू नका, एक पण नाही, कारण एकच पुरते. मादागास्करमध्ये ही पोचली आणि २००७ ते २०१७ या दहा वर्षांत तिचा पसारा जवळजवळ शंभर पट झाला, भाताच्या खाचरांपर्यंत. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये पाळण्या-विकण्यावरच बंदी घातली. भारतात गोड्या पाण्यात मूळचा एकही क्रेफिश नाही, आपल्या ओढ्यांत, खाचरांत खेकडे आहेत, झिंगे आहेत, आणि सह्याद्रीतले कित्येक खेकडे जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. कोकणातल्या एका व्हाळात ही शिरली तर परत बाहेर काढणं कोणाला जमेल असं मला वाटत नाही.

मी दोन ठेवल्या, बाकीची पिल्लं लहान असतानाच मित्राच्या ऑस्कर माशाला खायला दिली, आणि आता नवीन अंडी दिसली की सुरुवातीलाच काढून फ्रीजरमध्ये ठेवतो, मग सुक्या कचऱ्यात, कमोडमध्ये कधीच नाही. कठोर वाटेल पण दुसरा मार्ग मला सापडला नाही. मित्रांना वाटणार असाल तर आधी हे सगळं सांगून द्या. आणि टँकला झाकण आहे का ते लिहिलं नाहीत, एअर पाइप जातो त्या फटीतूनच त्या चढून बाहेर पडतात, आज रात्रीच ती फट स्पंजने बंद करा.