मेजरमेंट माइकचा तळाचा आवाज खाली आणायला वेगळा फँटम सप्लाय घ्यावा का?

लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की रात्री पंखा बंद करून बेडरूमची शांतता मोजताय. माइक साधा इलेक्ट्रेट मेजरमेंट माइक, 48 व्होल्टचा फँटम (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणारी वीज) ऑडिओ इंटरफेसमधूनच, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीतूनच, कॅलिब्रेटर (ठरलेल्या लेव्हलचा आवाज देणारं उपकरण) लावून लेव्हल जुळवलेली, आणि तरी आकडा 33 डेसिबल ‘ए’च्या (कानाच्या संवेदनेनुसार तोललेल्या डेसिबलच्या) खाली उतरत नाही. बहुधा तो आकडा खोलीचा नाही, माइकचा आहे.

डेटाशीटमधला सिग्नल-टू-नॉइज रेशो (सिग्नल माइकच्या स्वतःच्या आवाजापेक्षा किती डेसिबल वर आहे तो आकडा) बघा. तो 94 डेसिबलला, म्हणजे 1 पास्कलला, धरून दिलेला असतो. 94 मधून तो वजा केला की माइकचा स्वतःचा आवाज निघतो. 6 मिलिमीटरच्या साध्या कॅप्सूलला (माइकच्या टोकाचा आवाज टिपणारा भाग) हा रेशो 62 च्या आसपास असतो, म्हणजे 32 डेसिबल. खोली याहून शांत असली तरी या माइकला ते कळणार कसं?

प्रीअँपवर (इंटरफेसमधल्या माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागावर) सहसा उगाच संशय घेतला जातो. माइकची सेन्सिटिव्हिटी 10 मिलिव्होल्ट प्रति पास्कल धरा. 20 डेसिबलच्या आवाजाला त्यातून 2 मायक्रोव्होल्ट निघतात. बऱ्या इंटरफेसचा इनपुट नॉइज साधारण 0.3 मायक्रोव्होल्ट असतो. अडतंय ते कॅप्सूलपाशीच.

तरी खात्री करून घ्या. माइक काढा आणि एक्सएलआरच्या (माइकच्या केबलच्या तीन पिनांच्या जोडाच्या) पिन 2 आणि 3 मध्ये 150 ओहमचा रेझिस्टर लावा. गेन तोच ठेवा, फँटम चालू राहू द्या. दोन्ही पिनांवर सारखाच व्होल्टेज असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. लेव्हल 10 डेसिबल किंवा जास्त पडली, तर दोष बहुधा इंटरफेसमध्ये किंवा त्याच्या पॉवरमध्ये नाही.

नाही पडली तर सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख) उघडा. 50, 100, 150 हर्ट्‌झवर बारीक उभ्या रेषा दिसल्या तर ते मेन्सचं हम, म्हणजे घरच्या विजेची घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातं. 1 किलोहर्ट्‌झ आणि त्याच्या पटींत किंवा 8 किलोहर्ट्‌झवर रेषा असतील तर यूएसबीचा गोंगाट आत शिरतोय. अशा वेळी मात्र वेगळा, बॅटरीवरचा फँटम सप्लाय खरंच उपयोगी पडतो. मल्टिमीटरने माइक न लावता पिन 1 ते 2 आणि 1 ते 3 व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे 44 ते 52 च्या मध्ये आणि जवळजवळ सारखाच हवा. काही स्वस्त इंटरफेस बरेच कमी देतात. फँटम चालू केल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मगच रीडिंग घ्या.

वजाबाकीचा मोह टाळा. 33.5 मधून 32 ऊर्जेच्या हिशोबाने वजा केले तर 28 येतात, पण दोघांतला फरक 3 डेसिबलपेक्षा कमी असेल तर अर्ध्या डेसिबलच्या चुकीनेही ते उत्तर वाहवत जातं.

आता खरा उपाय. प्रिमोच्या ईएम272 सारख्या 10 मिलिमीटरच्या कॅप्सूलचा स्वतःचा आवाज 14 डेसिबलच्या आसपास आहे. ती थोड्या व्होल्टवर चालते, 48 व्होल्ट थेट देऊ नका. फँटमवरून तेवढाच व्होल्टेज काढून देणारा अडॅप्टर लागतो. कॅप्सूल बसवायची नळी 12.7 मिलिमीटर व्यासाची घ्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या कॅलिब्रेटरमध्ये ती हवाबंद बसेल. ही पायरी कुणी गाळू नये, कारण फट राहिली की कॅलिब्रेशनच खोटं. अर्ध्या इंचाचे, 50 मिलिव्होल्ट प्रति पास्कलचे प्रयोगशाळेतले माइकही साधारण 15 डेसिबलवर असतात, पण त्यांना 48 व्होल्टचा फँटम चालत नाही. आयईपीई जातीच्या (आतच छोटा अँप्लिफायर असलेल्या) माइकला 24 व्होल्टच्या आसपासचा, साधारण 4 मिलिअँपचा स्थिर करंट लागतो, आणि जुन्या पद्धतीच्या माइकला 200 व्होल्टचं पोलरायझेशन (कॅप्सूलला बाहेरून द्यावा लागणारा व्होल्टेज). त्यांचा सप्लाय वेगळाच विकत घ्यावा लागतो.

स्टँड टेबलावर ठेवू नका, लॅपटॉपच्या पंख्याची थरथर त्यातून चढते. स्टँड जमिनीवर, खाली जाड फोम, लॅपटॉप शक्य तर दुसऱ्या खोलीत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कॅप्सूल सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ओल धरली की अधूनमधून चटचट आवाज येतो आणि त्या रात्रीचं रीडिंग टाकून द्यावं लागतं.

आणि तुम्हाला फक्त निवासी भागातली रात्रीची 45 डेसिबलची कायदेशीर मर्यादा तपासायची असेल, तर हातातला माइक पुरेसा आहे. पैसे खर्चू नका.