घरपट्टीआधी मोजपट्टी

यावेळी पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं आपल्या नाशिक महापालिकेच्या घरपट्टीचीच निघाली, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगची भांडणं आणि भाडेकरार पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका.

प्रश्न : काकू, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. 2013 ला टू बीएचके घेतला, तेव्हापासून घरपट्टी एकदाही चुकवली नाही. मागच्या आठवड्यात विशेष नोटीस आलीय, त्यात क्षेत्र 905 चौरस फूट लिहिलंय आणि एक खोली चक्क बिगरनिवासी दाखवलीय. आमच्या करारात कार्पेट 58.40 चौरस मीटर आहे. मिसेस घरी ब्लाउज शिवते, दारावर छोटी पाटी आहे एवढंच. काही महिन्यांपूर्वी मोजणीवाली दोन पोरं आली होती, दारातूनच मोबाईलवर फोटो काढला आणि गेली, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. आता कर जवळजवळ दुप्पट होतोय. चौकशीला गेलो तर म्हणे आधी भरून टाका मग बघू. भरू का नको?

उत्तर : दादा, भरायचं का नाही ते नंतर. आधी नोटीस तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडली ते त्याच नोटिशीवर पेनाने लिहून ठेवा, कारण महापालिका अधिनियमातल्या कर आकारणीच्या नियमांप्रमाणे विशेष नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते आणि त्यातला एक आठवडा तुम्ही ऑलरेडी घालवलाय.

आता हरकत कशावर घ्यायची. इथेच सगळे गडबडतात. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या घराच्या सुनावणीला गेले होते आणि अर्धा तास महागाई, खड्डे, कचऱ्याची गाडी सगळं बोलून घेतलं, समोरच्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, यातला आकडा कोणता चुकलाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन टेप काढली तेव्हा कळलं की जिन्याची मोकळी जागा आमच्या नावावर मोजलीय. ते वाक्य मी सुनावणीत म्हणायला पाहिजे होतं, खड्ड्यांचं नाही.

म्हणून तुमचा आकडा बघू. 58.40 चौरस मीटरला 10.764 ने गुणलं की साधारण 629 चौरस फूट येतात. मग 905 आले कुठून? करार पुन्हा उघडा आणि विक्रीयोग्य क्षेत्र किंवा सेलेबल किंवा सुपर बिल्टअप असं काही लिहिलंय का बघा, माझा अंदाज आहे की तो आकडा 905 च्या आसपासच असेल, म्हणजे लॉबी, जिना, लिफ्टमधला तुमचा वाटा बिल्डरने ज्यात धरला होता तोच आकडा उचललाय. पण एक सांगते, 629 वर अडून बसू नका. आकारणी कार्पेटवर आहे का बिल्टअपवर ते आधी विचारून घ्या, बिल्टअप असेल तर भिंती आणि बाल्कनी धरून 750 च्या आसपास जाईल आणि ते मान्य करायला लागेल. खोटं कमी सांगितलं की पुढचं खरंही कोणी ऐकत नाही.

फरक किती पडतो ते बघा. आपल्याकडे घरपट्टी वार्षिक भाडेमूल्यावर आहे, म्हणजे तुमचं घर वर्षभर भाड्याने दिलं तर किती येईल असं धरायचं, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य, आणि सामान्य कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण वगैरे सगळे कर त्याच्या टक्केवारीने लागतात. समजा, फक्त हिशोबापुरतं, महिन्याला चौरस फुटाला 1 रुपया दर धरला तर 905 फुटांचे वर्षाचे 10,860, त्यातले 1,086 गेले की 9,774. तेच 750 फुटांचे 9,000 मधून 900 गेले की 8,100. एका चुकीच्या आकड्याने करयोग्य मूल्य 1,674 ने फुगलं, आणि हे एका वर्षाचं नाही, कोणी दुरुस्त करेपर्यंत दरवर्षीचं.

आता शिवणकामाची खोली. मिसेस शिवतात हे लपवायला जाऊ नका, पाटीचा फोटो त्यांच्याकडे आहेच. उलट सरळ लिहा की खोली राहण्याचीच आहे, कोपऱ्यात एक मशीन आहे, वेगळा दरवाजा नाही, काउंटर नाही, कामाला माणूस नाही. खोलीचा फोटो जोडा, त्यात पलंग आणि मशीन दोन्ही दिसू दे. महावितरणचं बिल जोडा, त्यावर घरगुती वर्गवारी असते, दुकानाचं मीटर असतं तर ती वेगळी आली असती. हे एवढ्यासाठी महत्त्वाचं की बिगरनिवासी धरलं की नुसता दर वाढत नाही, शिक्षण कर जास्त दराने लागतो आणि रोजगार हमी उपकरही येतो, जो राहत्या घराला लागतच नाही. बिलात रोजगार हमीची ओळ दिसली की समजायचं आपल्याला दुकानात बसवलंय.

अर्ज एका पानाचा ठेवा. वर मिळकतीचा इंडेक्स नंबर, नोटिशीचा नंबर आणि तारीख, खाली तुमचा आकडा, त्यांचा आकडा, फरक का पडला, आणि शेवटी एक ओळ की अर्जदाराच्या समक्ष फेरमोजणी करावी. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, कराराची क्षेत्राची पानं, जुनी बिलं. मोजणीच्या वेळी काय नोंदवलं त्या कागदाची नक्कलही मागा, देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपये फी आणि उत्तराला 30 दिवस, पण त्याची वाट बघत हरकत थांबवू नका. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंडी सांगितलेलं, व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं, ओळखीच्या माणसाच्या हाती दिलेलं, काहीच धरत नाहीत.

आणि भरण्याचं म्हणाल तर बिल आलं की भरा. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, हरकत पडून आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. भरताना एक पत्र द्या की हरकत कायम ठेवून ही रक्कम भरत आहे, त्याचीही पोच घ्या. निकाल विरोधात गेला तर त्याच महापालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे अपील करता येतं, तिथेही 15 दिवसांचीच मुदत आहे, आधी हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला लागतो आणि बिल आलेलं असेल तर मागणीची रक्कम भरलेली लागते. म्हणजे आज हरकत घेतली नाही तर सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाची पायरी चढूनही उपयोग नाही. तुमच्या केसमध्ये तिथवर जायला लागेल असं मला तरी वाटत नाही, फेरमोजणीतच मिटायला पाहिजे.

प्रश्न : आमची सोसायटी गंगापूर रोडला 2019 ची आहे. कंपाउंडला लागून असलेली बिल्डिंग 2015 ची, फ्लॅट सारखेच, उलट त्यांचा व्ह्यू चांगला, तरी त्यांची घरपट्टी आमच्यापेक्षा कितीतरी कमी. हा उघड अन्याय नाही का? आम्ही बारा जण मिळून हरकत घेणार आहोत.

उत्तर : अन्याय वाटणं बरोबर आहे पण सुनावणीत हे टिकणार नाही. तुकाराम मुंढे आयुक्त असताना 31 मार्च 2018 ला आदेश निघाला आणि 1 एप्रिल 2018 पासून नव्या मिळकतींच्या भाडेमूल्याचे दर वाढले, जुन्यांचे तसेच राहिले. मोकळ्या जागांवरच्या करावरूनही तेव्हा शहरात केवढं रान उठलं होतं ते आठवत असेलच. तुमची आणि शेजाऱ्यांची घरपट्टी वेगळी आहे ती या एका तारखेमुळे, कोणी मोजण्यात चूक केलीय म्हणून नाही. समोर बसलेला अधिकारी तो आदेश बदलू शकत नाही, ते भांडण नगरसेवकाकडे, मंत्रालयात नाहीतर हायकोर्टात.

मात्र एक बघा, तुमच्या बिल्डिंगला अर्धवट पूर्णत्वाचा दाखला आधी मिळाला होता का? बारातले चार-पाच फ्लॅट जर 1 एप्रिल 2018 च्या आधीच्या दाखल्यात येत असतील आणि आकारणी फक्त उशिरा झाली असेल तर त्या चार-पाच जणांकडे खरा मुद्दा आहे, त्यांनी दाखल्याची प्रत लावून स्वतंत्र हरकत घ्यावी. बारा जणांनी एकच सामूहिक पत्र देऊ नका, त्यात चांगल्या केसेस बुडतात.

प्रश्न : मुंबईत 500 स्क्वेअर फुटांपर्यंत घरपट्टी माफ आहे, पुण्यात स्वतः राहत असाल तर 40 टक्के सूट आहे. माझा फ्लॅट 480 चा आहे, सिडकोत, स्वतः राहतो. मी दोन्ही मागू शकतो का?

उत्तर : दोन्ही मागायची कल्पना आवडली! पण नाही. 500 फुटांची माफी 2022 पासून बृहन्मुंबईच्या हद्दीतल्या घरांना आहे, पुण्याची 40 टक्के पुण्यापुरती. व्हॉट्सअॅपवर जे फिरतं त्यात शहराचं नाव कापलेलं असतं. आपल्याकडे लवकर भरणाऱ्याला वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सवलत मिळते, टक्के दरवर्षी बघून घ्या आणि जून उलटायच्या आत भरा.

प्रश्न : जेलरोडला आमचं जुनं बैठं घर, वडिलांच्या नावावर, ते आता नाहीत. नोटीस कधी आली कळलंच नाही, शेजारच्या किराणा दुकानात दिली होती म्हणे, आम्हाला दोन महिन्यांनी मिळाली. मागे पत्र्याची शेड होती तीसुद्धा पक्की खोली म्हणून धरलीय आणि मागच्या सहा वर्षांचं बिल काढलंय. शेड तर आम्ही तीन वर्षांपूर्वी टाकली. आई फार घाबरलीय, घर जप्त करतील म्हणते.

उत्तर : आईंना सांगा, उद्या कोणी येऊन घर जप्त करत नाही, आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग वॉरंट असं सगळं असतं आणि तुम्ही त्याच्या खूप आधी कागद देणार आहात.

15 दिवस मोजायचे ते नोटीस बजावल्यापासून. दुकानात दिली म्हणजे तुम्हाला बजावली असं होत नाही, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा, कोणत्या तारखेला कोणाच्या हातून मिळाली ते लिहा, दुकानदार तयार असेल तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. तरीही मुदत गेली म्हणून फेटाळलं तर सगळं संपलं असं नाही. आकारणीचं पुस्तक दरवेळी नवं नाही केलं, मागच्या वर्षीचंच पुढे चालवलं, तरी हरकतींसाठी जाहीर नोटीस दरवर्षी द्यावी लागते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आकड्यावर नव्याने हरकत घेता येते. मागचं गेलेलं परत येईल का ते सांगता येत नाही पण चूक पुढे चालत राहणार नाही.

सहा वर्षांचं म्हणाल तर आकारणीतून सुटलेल्या मिळकतीला कायद्याने सहा वर्षं मागे जाता येतं, ते मनाने काढलेलं नाही. पण जी शेड तीन वर्षांपूर्वी टाकली तिचा कर सहा वर्षांचा कसा? पत्र्यांचं बिल, फॅब्रिकेटरची पावती, तेव्हाचा एखादा फोटो, अगदी घरातल्या लग्नाच्या अल्बममध्ये मागचं अंगण मोकळं दिसत असेल तर तोही चालेल, मागे तारीख असेल तर फारच छान. पत्र्याची शेड आणि स्लॅबची खोली यांचे दर वेगळे असतात, त्यामुळे छताचा फोटो आतूनही काढा. फक्त एक जपा, शेड विनापरवाना असेल तर अर्जात तिच्याबद्दल विचारलं तेवढंच लिहा, अनधिकृत बांधकामाची शास्ती हा वेगळाच विषय आहे आणि तो आपणहून उकरून काढायला नको.

आणि वडिलांचं नाव बदलून घ्या बरं. मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद देऊन नोंद आईंच्या नावावर झाली की पुढची नोटीस तरी किराणा दुकानात जाणार नाही.

प्रश्न : सासरे सैन्यातून रिटायर, घर त्यांच्या नावावर म्हसरूळला. त्यांना घरपट्टी माफ असते असं ऐकलं. खरं आहे का? माझी बहीण देवळाली कॅम्पला राहते, तिच्याही सासऱ्यांना सांगू का?

उत्तर : खरं आहे. राज्य सरकारने 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी मालमत्ता करमाफीची योजना आणली, एका घरापुरती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र आणि घर राहतं असल्याचे कागद घेऊन तुमच्या विभागीय कार्यालयात अर्ज करा, आपोआप काही होत नाही. बहिणीचं घर कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल तर तिथला कर महापालिकेचा नाही, छावणी परिषदेचा, तिचे नियम निराळे. तिला आधी जुन्या बिलावर सगळ्यात वर कोणाचं नाव छापलंय ते बघायला सांगा.