भावाने फसवलं, त्याला क्षमा केली तर दावाही मागे घ्यायचा का?

तुमचा प्रश्न असा: थोरल्या भावाने वडिलांची जागा तुम्हाला न विचारता विकली, तुमच्या वाट्याचे पैसे दिले नाहीत आणि अजून चूकही कबूल केलेली नाही. पाळक म्हणतात, ख्रिस्ती माणसाने क्षमा केलीच पाहिजे. पण राग जात नाही, आणि क्षमा केली तर कोर्टातला दावा मागे घ्यावा लागेल का, हेही समजत नाही.

आधी सरळ उत्तर देतो. राग असतानाही क्षमा करता येते. भावाने कबुली दिली नसली तरी करता येते. आणि ती केली म्हणून दावा आपोआप सुटत नाही. क्षमा, समेट आणि न्याय ही तीन वेगळी कामं आहेत. मंडळीत पुष्कळदा ती एकात एक मिसळली जातात आणि दुखावलेला माणूस मध्येच अडकतो.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, आणि मग निर्दय चाकराचा दाखला सांगतो. त्यातले आकडे नीट पाहा. चाकराला राजाचं दहा हजार तालांत देणं आहे. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी राजाने सोडून दिली. त्या चाकराचं सोबत्याकडे येणं होतं शंभर दिनार, आणि त्यासाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. हे शंभर दिनार लोक किरकोळ समजतात, पण ती तीन-साडेतीन महिन्यांची कमाई आहे. तुमचं नुकसान छोटं आहे असं येशू कुठेच म्हणत नाही. ते खरं आहे, आणि तरीही ज्याला एवढं मोठं माफ झालंय त्याने सोबत्याचा गळा धरू नये, एवढंच तो सांगतो.

आता करायचं काय? कागद घ्या आणि दोन रकाने आखा. पहिल्यात जे परत मिळू शकतं ते लिहा: हिश्श्याची रक्कम, कागदपत्रं. दुसऱ्यात जे कधीच परत मिळणार नाही ते: तुम्हाला न विचारण्यातला अपमान, मोडलेला विश्वास, नातेवाइकांसमोर गेलेली पत. “त्याने मला फसवलं” असं मोघम लिहू नका, एकेक गोष्ट वेगळी लिहा, कारण मोघम जखमेला दिलेली क्षमाही मोघमच राहते. मग दुसऱ्या रकान्यातली एकेक ओळ मोठ्याने वाचून प्रार्थना करा: “प्रभू, याची वसुली मी करणार नाही. हे तुझ्याकडे सोपवलं.” वसुली करणार नाही याचा व्यवहारातला अर्थ असा की हा विषय भावाला टोचायला वापरायचा नाही, नातेवाइकांत उगाळायचा नाही, आणि मनात पुन्हा उकरला गेला की तीच प्रार्थना पुन्हा करायची. पहिले काही आठवडे हे दिवसातून कितीतरी वेळा होईल. म्हणजे क्षमा खोटी होती असं नाही. निर्णय आधी होतो, भावना बऱ्याच मागून येतात. त्याच्या भल्यासाठी नाव घेऊन रोज एक वाक्य प्रार्थनेत घाला. सुरुवातीला ते घशात अडकेल. तरी म्हणा, कारण प्रीती इथे कृतीत उतरते.

पहिल्या रकान्याची वाट वेगळी आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचं ठरवलं, तेव्हा येशूने त्याला “कशाला, क्षमा झालीच आहे” असं म्हटलं नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला (पहिलं पत्र, अध्याय 6) सांगतो की भावाभावांचा वाद आधी मंडळीतल्या शहाण्या माणसासमोर मिटवा. त्यापेक्षा नुकसान का सोसत नाही, असंही तो विचारतो. म्हणून आधी दोन वडील मंडळींना मध्ये घालून बोलणी करा, जे ठरेल ते लेखी घ्या, आणि तोवर दाव्याची मुदत हुकणार नाही हे वकिलाकडून पाहून घ्या. नुकसान सोसायचंच असेल तर तो निर्णय तुमचा असू दे. दुसऱ्या कुणी तो तुमच्यावर लादू नये.

दावा चालवताना स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या भावाने रास्त हिस्सा दिला तर मी दावा मिटवीन का? उत्तर “नाही, त्याची नाचक्की झालीच पाहिजे” असं आलं, तर दुसऱ्या रकान्याची वसुली कोर्टातून चाललीय. तिथे थांबा.

क्षमा आणि कायदा बरोबर चालतात याचं आपल्याच देशातलं उदाहरण म्हणजे मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहॅम आणि फिलिप, तिमथी ही दोन मुलं गाडीत झोपली असताना जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि पुढची काही वर्षं बारीपाड्यात कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

दोन चुका हमखास होतात. एक, “जाऊ दे, काही झालंच नाही” म्हणणं. ती क्षमा नव्हे, ते झाकणं आहे, आणि झाकलेलं पुढे कडवट होऊन बाहेर येतं. दुसरी, कबुली न दिलेल्या भावाला “मी तुला क्षमा केली” असा मेसेज पाठवणं. त्याला तो आरोपच वाटतो आणि नवं भांडण पेटतं. हे देवासमोर बोला. भावाशी बोला ते त्याने स्वतः विषय काढला तरच.

समेटाची घाई करू नका. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकलं होतं. ते धान्यासाठी मिसरात (इजिप्तमध्ये) आले तेव्हा तिथे अधिकारी झालेल्या योसेफाने लगेच ओळख दिली नाही. शिमोन या भावाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवला, आणि धाकट्याला सोडून हे पुन्हा निघून जातात का ते पाहिलं. “त्याच्याऐवजी मला दास करा” असं यहूदा हा भाऊ म्हणाला, तेव्हा योसेफ मोठ्याने रडला आणि मी तुमचा भाऊ म्हणाला. भाऊ बदललाय हे त्याला आधी दिसलं. तुमच्या बाबतीत त्याची खूण म्हणजे कबुली आणि व्यवहाराचा हिशेब समोर ठेवणं. ते होईपर्यंत सणाला भेटा, आजारपणात जा, पण त्याच्या सांगण्यावरून कोणत्याही कागदावर सही करू नका.