तुरा शिरपेचात की शिरपावात?

‘त्यांच्या शिरपावात मानाचा आणखी एक तुरा’ असं वाक्य बातमीत वाचलं, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. नाही. तिथे ‘शिरपेचात’च हवं. शिरपेच म्हणजे पगडीवर बांधायचा जडावाचा दागिना. तुरा पगडीवर त्याच्या सोबतीने खोवतात. शिरपाव मात्र डोक्यावर मावणारी वस्तूच नव्हे.

फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, ‘पा’ म्हणजे पाय. ‘सर-ओ-पा’ म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा, मानाने दिलेला अख्खा पोशाख. मराठीत ‘सर’चं ‘शिर’ झालं आणि शब्द इतका घरचा वाटू लागला, की तो पगडीशीच जोडला गेला. मोगल दरबारात या पोशाखाला खिलतही म्हणत. तिच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. तीन नगांच्या खिलतीत पगडी, जामा आणि कमरबंद. पाच नगांची असली तर शिरपेच आणि पगडीवर बांधायची पट्टी यांची भर. म्हणजे शिरपेच हा शिरपावातलाच एक नग! सर्वांत मोठा मान बादशहाने स्वतः अंगावर घातलेल्या वस्त्राचा.

असा पोशाख अंगावर घेणं म्हणजे देणाऱ्याचं वरिष्ठपण मान्य करणं. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात इतरांना खिलती दिल्या गेल्या, शिवाजी महाराजांना मात्र डावललं. ते संतापून बाजूला झाले, तेव्हा त्यांची समजूत काढायला सरदार पोशाख घेऊन आले. महाराजांनी तो घालायला साफ नकार दिला. त्या काळच्या राजस्थानी पत्रांत हे आलं आहे. ‘शिरपाव’ नुसता ‘बक्षीस’ या अर्थी वापरताना हे वजन हरवतं, याचं मला वाईट वाटतं.

मराठेशाहीत हीच रीत ‘वस्त्रे’ या साध्या शब्दात उतरली. ‘पेशवाईची वस्त्रे मिळाली’ म्हणजे छत्रपतींकडून पद मिळालं. १७७४ मध्ये सवाई माधवराव जेमतेम चाळीस दिवसांचे होते, तरी साताऱ्याची वस्त्रे आल्याखेरीज त्यांची पेशवाई रीतसर ठरली नसती.

शीख परंपरेत गुरुद्वारात सन्मानाने देतात तो ‘सिरोपा’ हाही याच शब्दाचा भाऊ.

तेव्हा शिरपाव मिळतो, दिला जातो, नाकारलाही जातो. तुरा खोवायचा असेल, तर ‘शिरपेचात’ लिहा.